टेस्ट पहिली कुणाची होते

बरेच दिवस लिहू का नको चाललं होतं, शेवटी वहिनीलाच विचारलं. ती म्हणाली लिही की, नाव तेवढं घालू नकोस.

आमचं गाव कर्नाटकात, निपाणीकडचं, हायवेपासून आत. घरटी एक तरी माणूस बाहेर असतोय, कोण गोव्यात बांधकामावर, कोण पुण्याला, कोण ट्रकवर. माझा चुलतभाऊ पुणे-बेंगळूर लाईनवर ट्रक चालवायचा, महिना महिना घरी नाही. वहिनी कागलकडची. लग्नाला वर्ष व्हायच्या आत दिवस गेले, आशाताई तिला घेऊन गेली, तायी कार्ड म्हणजे गरोदर बाईचं सरकारी कार्ड काढलं, रक्त तपासलं आणि त्यात एचआयव्ही निघाला. गरोदर बाईची ही टेस्ट सगळीकडंच करतात, बाळाला वाचवायचं म्हणून, आणि ते बरोबरच आहे.

पण घरात पहिलं वाक्य काय निघालं, तर "माहेरातनंच घेऊन आली ही." काकूच बोलली. आणि मी तिथंच होते, मीसुद्धा गप्प बसले, ते मला अजून लागतं.

मला सांगायचंय ते एवढंच, की आपल्याकडं बाईची टेस्ट आधी होते म्हणून रोग बाईचा ठरतो. गड्याला तपासायची वेळच येत नाही, ताप आला की सलाईन लावून घ्यायचं आणि परत गाडीवर. टेस्ट फक्त एवढंच सांगते की अंगात व्हायरस आहे, तो कधी आला, कुणाकडनं आला हे कुठल्याच रिपोर्टात लिहून येत नाही. दादाला टेस्टला न्यायला आठ दिवस लागले, रोज भांडण, शेवटी मोठ्या काकांनी गाडीत घालून नेलं. पॉझिटिव्ह.

मग हळूहळू बोलला. लग्नाआधी वर्षभर अगोदर त्याला जखम झालेली, ढाब्यावरची पोरं म्हणाली गरमी, म्हणजे गुप्तरोग, झाली असंल, मेडिकलातनं गोळ्या घेतल्या, जखम गेली, विषय संपला. असल्या जखमा असल्या की एचआयव्ही शिरायला वाट सोपी होते, आणि जखम भरली म्हणजे रक्त साफ झालं असं नसतं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. सरकारी दवाखान्यात गुप्तरोगाची तपासणी आणि औषध फुकट मिळतं, तिथंच ही टेस्ट पण झाली असती, आणि आज निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी परत करायची असते कारण लागण ताजी असली तर टेस्टमध्ये दिसत नाही. आणि निरोध? गावच्या मेडिकलवाल्यासमोर मागायला लाज, हायवेवर घाई. एवढ्याशा लाजेपायी दोन माणसं आयुष्यभर गोळ्यांवर.

गावात काय बोलतात ते पण माहितीये, सौंदत्तीच्या जोगतिणींनी, म्हणजे यल्लम्माला सोडलेल्या बायकांनी, रोग आणला म्हणून. देवाला मुली सोडायला कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंदी आहे, पण त्या बायकांकडं जाणारे गडी कुठले, आपल्याच घरातले ना? उलट सांगलीत १९९२ पासून संग्राम संस्थेबरोबर धंद्यातल्या बायकाच निरोध वाटत फिरल्या, गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शिकल्या. त्यांना शहाणपण आधी आलं.

वहिनीला अजून एक त्रास झाला. दवाखान्यातले बोर्ड, कागद सगळे कन्नडमध्ये, तिची शाळा मराठी, काहीच वाचता येईना. त्यात एका ठिकाणाहून तिच्या रिपोर्टची बातमी फुटली आणि शेजारीण पाणी घ्यायला यायची थांबली. संमतीशिवाय असली माहिती बाहेर सांगायची नाही असा २०१७ चा कायदा आहे, आम्हाला तो नंतर कळला. कुणाला काही विचारायचं असेल तर १०९७ ला फोन करा, पैसे लागत नाहीत.

औषध मात्र लगेच सुरू झालं, एआरटीची, म्हणजे व्हायरस दाबून ठेवणारी गोळी, रोज एक, फुकट. औषध नसतं तर अशा १०० बाळांतल्या १५ ते ४५ ना लागण होते, वेळेवर घेतलं तर ५ च्या पण खाली. पोराला जन्मल्यावर औषध पाजलं, दीड महिन्यानं टेस्ट, आणि पक्की टेस्ट अठराव्या महिन्यात. त्या दिवशी काकू दवाखान्याच्या पायरीवर बसून होती, निगेटिव्ह म्हटल्यावर तिनं वहिनीचा हात धरला आणि सोडेचना.

आता दोघांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, मशीनला सापडत नाही इतका खाली आहे. गोळी न चुकता घेऊन तो असाच खाली राहिला तर संबंधातनं दुसऱ्याला लागण होत नाही, हे आमच्याकडं अजून कुणाला खरं वाटत नाही.

परवा वहिनीच्या धाकट्या दिराचं लग्न ठरलं. तो पण दोन वर्षं गोव्यात होता. पत्रिका बघायची बोलणी चाललेली, वहिनी आतनं चहा घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "रक्त दोघांचं तपासूया, पण आधी आमच्या पोराचं." कुणीच काही बोललं नाही. मग काकू उठली आणि दिराला म्हणाली, उद्या सकाळी जा, वहिनीला संगट घेऊन जा.