काकूंचं लाल पेन

बेडका या विषयावर मी दिवसभर बोलू शकते, बोलतेच खरं तर, कारण छातीची फिजिओ असल्याने माझं निम्मं काम म्हणजे लोकांना फुफ्फुसातला कफ बाहेर काढायला शिकवणं. कुणाला किळस येत असेल तर पुढे वाचू नका, कफ बराच येणार आहे.

तर माझ्याकडे एक काकू यायच्या. साठी ओलांडलेल्या, उंच, अगदी सडपातळ, निवृत्त शिक्षिका, घरी अजून मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या. कित्येक वर्षं खोकला, मधूनमधून ताप, ब्राँकायटिस म्हणून अँटिबायोटिक, चार दिवस बरं, परत तेच. मग एकदा कफात टीबीसारखे जंतू दिसले आणि घरात नुसती धावपळ, काकूंची खोली वेगळी झाली, शिकवण्या बंद. जनुकीय टेस्टमध्ये टीबी नाही असं आलं आणि कल्चर (कफातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची टेस्ट) यायला लागतात तेवढे आठवडे गेल्यावर कळलं की हे एनटीएम आहे, म्हणजे टीबीच्याच खानदानातले पण टीबी न करणारे जंतू. सूक्ष्मदर्शकाखाली दोघं सारखेच दिसतात म्हणून हा गोंधळ होतो. काकूंचे जंतू मॅक म्हणजे मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स, एनटीएममध्ये हेच सगळ्यात जास्त सापडतात. मातीत, पाण्यात, पाइपात, शॉवरच्या जाळीत हे असतातच, तुमच्याआमच्या श्वासातही जातात आणि बहुतेकांना काही होत नाही, पण ज्यांच्या श्वासनळ्या रुंद होऊन सैल पडलेल्या असतात (ब्राँकिएक्टेसिस) त्यांच्यात कफ साचून राहतो आणि हे तिथे ठाण मांडतात.

मॅक माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. डॉक्टरांनी हे घरच्यांना समजावून सांगितलं, घरच्यांना पटलंही, पण काकू काही त्या खोलीतून बाहेर येईनात. शिकवण्या सुरू केल्या त्यासुद्धा अशा की मुलं बाहेर बसणार आणि वह्या तेवढ्या आत येणार.

औषधं तीन, अझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल, काकूंना आठवड्यातून तीन दिवस. आणि किती काळ, तर कल्चर निगेटिव्ह आल्यावर तिथून पुढे किमान १२ महिने. शिवाय रोज नेब्युलायझरने खारट पाण्याची वाफ, मग माझे श्वासाचे व्यायाम. त्यात हफ नावाचा प्रकार असतो, आरशावर वाफ धरायला तोंड उघडं ठेवून हाऽ करतो ना तसा जोर लावून श्वास सोडायचा, म्हणजे खोल अडकलेला कफ वर सरकतो. काकूंचा हफ एकदम झकास होता. कफ घशाशी आल्याचा खर्रर्र आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू यायचा, मी डबी पुढे करायचे, आणि काकू पटकन गिळून टाकायच्या. दर वेळी! मग रुमालाने ओठ टिपून म्हणायच्या, "आज काही नाही आलं गं."

कसं चाललंय विचारलं की छान. मळमळ? नाही. डायरी सुवाच्य अक्षरात भरलेली, एक खाडा नाही, आणि वजन मात्र खाली चाललेलं. आता असा पेशंट तुम्हाला सांगते सगळ्यात अवघड, भांडणारा परवडला.

आमच्याकडे त्याच वेळी अजून एक ताई होत्या, पंचेचाळिशीतल्या, हिशेबाचं काम करणाऱ्या, त्यांचा मॅकचा एक कोर्स पूर्ण झाला होता आणि फक्त व्यायाम चालू होते. बोलायला एकदम बिनधास्त. त्यांना विचारलं की एका काकूंशी बोलाल का, त्या म्हणाल्या नंबर द्या. नंबर असा देता येत नाही, आधी दोघींची परवानगी हवी, आणि काकूंनी हो म्हणायला बराच वेळ घेतला. समोरासमोर भेटवायचं नाही हेही ठरलेलं, कारण आमच्या विभागात ब्राँकिएक्टेसिसच्या पेशंटना एकत्र बसवत नाहीत. मॅकचं सोडा, काहींच्या कफात स्यूडोमोनास नावाचा चिवट जंतू असतो, आणि सिस्टिक फायब्रोसिसच्या (जन्मजात आजार, त्यात कफ फार घट्ट होतो) पेशंटमध्ये तर असले जंतू एकमेकांकडे जातात हे सिद्धच झालेलं आहे, त्यांना एकमेकांपासून लांबच ठेवतात. म्हणजे बघा, तुमचं दुखणं ज्याला सगळ्यात जास्त कळेल त्याच्या शेजारी बसायचं नाही. मला हे फार क्रूर वाटतं, पण नियम बरोबर आहे.

म्हणून व्हिडिओ कॉल. माझ्याच खोलीत, माझ्याच टॅबवर, काकू ताठ बसलेल्या. मला वाटलं ताई आता धीर वगैरे देतील. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "काकू, तुम्ही थुंकता का गिळता?"

मी कपाळावर हात मारायची बाकी होते. आणि काकू चक्क हसल्या! म्हणाल्या, "गिळते. हिच्यासमोर कसं थुंकू, पोरीसारखी आहे ती." ताई म्हणाल्या मीही गिळायचे, मग पोटात जाऊन मळमळ वाढायची, नंतर झाकणाची छोटी डबी पर्समध्ये ठेवायला लागले आणि कार्यक्रमात दाराजवळची खुर्ची पकडायला लागले, खोकला आला की उठायचं, बाहेर जायचं, परत येऊन बसायचं, कोणी बघितलं तर बघू दे. औषधाच्या दिवशी काय होतं, नेब्युलायझरचे भाग धुवायचा कंटाळा आला की काय करायचं (धुवायचेच, आणि शेवटचं पाणी नळाचं नाही, उकळून गार केलेलं), रात्रीच्या घामाने भिजलेले कपडे, सगळं निघालं. काकूंना मळमळ होती. महिनोन्‌महिने होती. मला "नाही" सांगत होत्या आणि डायरीत "ठीक" लिहीत होत्या.

मी तोंड बंद ठेवून कोपऱ्यात बसले होते आणि खरं सांगू, जरा रागही येत होता, की मी इतके दिवस विचारतेय ते या बाईला पाच मिनिटांत कसं काय सांगताय तुम्ही.

मग ताईंनी सहज विचारलं, "आणि रंग कसे दिसतात? मी रोज एकेक डोळा झाकून एकाच लाल वस्तूकडे बघायचे." इथॅम्ब्युटॉलने डोळ्याच्या नसेवर परिणाम होऊ शकतो, त्यात लाल-हिरवा रंग फिका पडणं ही सुरुवातीची खूण असते. हे काकूंना सांगितलेलं होतं, छापील कागद दिलेला होता, डोळ्यांची तपासणी ठरलेली होती.

काकू जरा थांबल्या. "रंग ठीकच आहेत. फक्त माझं लाल पेन हल्ली तपकिरी उमटतं, वह्या तपासताना. शाई खराब येते आता, दोनदा बदललं पेन."

ताईंचा चेहरा बदलला तो मला स्क्रीनवर दिसला. माझ्या टेबलावर लाल पेन होतं, ते मी काकूंच्या हातात दिलं आणि कागदावर रेघ ओढायला लावली. भडक लाल रेघ. काकू म्हणाल्या, "हे पण तसलंच."

ताई लगेच म्हणाल्या, "काकू, घाबरू नका आणि घरी जाऊन स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, आत्ता तिथेच डॉक्टरांना सांगा." हे वाक्य त्या बोलल्या म्हणून मी त्यांना कायम मानेन. पेशंटनी पेशंटशी बोलावं याला आमच्यातले काही लोक नाकं मुरडतात ती याच भीतीने, की "मी अमुक बंद केलं, तुम्हीही करा" असं सुरू होतं. ती भीती खोटी नाही. इथॅम्ब्युटॉल सोबत असतं म्हणून जंतू अझिथ्रोमायसिनला सहजासहजी दाद देणं थांबवत नाहीत, आणि एकदा ते औषध लागू पडेनासं झालं की मॅक आवरणं फार कठीण होऊन बसतं. म्हणजे गोळी थांबवायची तर आजच, पण पुढे काय द्यायचं ते ठरवूनच.

मी डॉक्टरांना फोन लावला, इथॅम्ब्युटॉल तिथल्या तिथे थांबवलं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी बघितलं. ठिपक्यांमधले आकडे ओळखायचं पुस्तक असतं ना, त्यातले बरेच काकूंना ओळखता आले नाहीत. लवकर थांबवलं तर नजर बऱ्याचदा सुधारते पण महिने लागतात आणि खात्री कुणी देत नाही. काकूंचा लाल रंग हळूहळू परत आला, पूर्वीइतका भडक नाही असं त्या म्हणतात. इथॅम्ब्युटॉलच्या जागी क्लोफाझिमिन आलं, त्याने कातडी काळपट होते. त्यावर काकू, "आधी रंग दिसत नव्हते, आता मीच रंगले." हे त्यांनी ताईंना सांगितलं, मला नाही, ताईंकडून माझ्यापर्यंत आलं.

दोघी आता आपापल्या फोनवर बोलतात, मी मधे नसते. काकू माझ्यासमोर थुंकतात, वर डबी उचलून रंग दाखवतात, कालच्यापेक्षा पांढरा आहे ना बघ. वजन थोडं वाढलंय. मुलं अजून बाहेरच्याच खोलीत बसतात पण मधलं दार उघडं असतं.

मागच्या वेळी कल्चर निगेटिव्ह आलं आणि ताईंनी लगेच औषध संपायची तारीख मोजून दिली. डॉक्टरांची तारीख त्याच्या बरीच पुढची निघाली. हिशेबाच्या बाईचा हिशेब चुकला हे ताईंना काही पटेना, काकूंनी माझ्यासमोरच फोन लावला आणि शिक्षिकेच्या आवाजात समजावलं, "अगं, गोळ्या सुरू झाल्यापासून नाही मोजायचं, पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजायचं, वहीत लिहून ठेव."