न हरलेला घोडा घरी का बसवला?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर माझ्याबरोबर येणाऱ्या नवख्या मंडळींचे पहिल्या दोन शर्यतींत पैसे गेले, की चहा पिताना एक प्रश्न हमखास निघतो. "फ्रँकेल एकदाही हरला नाही म्हणता, मग चार वर्षांचा असतानाच बंद का केला? आणखी दोन वर्षं पळवला असता तर काय बिघडलं असतं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फ्रँकेल इंग्लंडचा घोडा. 2010 ते 2012 या काळात 14 शर्यती पळाला आणि 14 जिंकला. 2011 च्या टू थाउजंड गिनीज या इंग्लंडमधल्या मोठ्या शर्यतीत गेट उघडल्यापासून असा सुटला, की निम्म्या वाटेवर बाकीचे कुठल्यातरी वेगळ्याच शर्यतीत पळताहेत असं वाटत होतं. पुढच्या वर्षी त्याला कुठे पळवायचं यावरून चाहत्यांत नुसती हमरीतुमरी. कोणी म्हणे पॅरिसला आर्क ही मोठी शर्यत पळवा, 2400 मीटर. कोणी म्हणे अमेरिकेत ब्रीडर्स कपच्या शर्यतींना न्या. मालक खालिद अब्दुल्ला आणि ट्रेनर हेन्री सेसिल यांनी त्याला देशाबाहेर नेलाच नाही.

आता हिशेब बघा. 14 शर्यतींची मिळून बक्षिसं झाली सुमारे 30 लाख पौंड. स्टड फार्मवर, म्हणजे जिथे घोड्यांची पैदास करतात तिथे, पहिल्याच वर्षी, 2013 ला, एका घोडीमागे त्याची फी होती 1 लाख 25 हजार पौंड. मोसमात 100 घोड्या धरल्या, तरी कागदावर सव्वा कोटी पौंड होतात. (त्यात मालकाच्या स्वतःच्या घोड्याही असतात, त्या वजा करा. तरी आकडा डोळे पांढरे करणाराच राहतो.) थरोब्रेडमध्ये, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या या जातीत, कृत्रिम रेतन चालत नाही, घोडा जातीनं हजर लागतो. म्हणजे साधारण फेब्रुवारी ते जून तो स्टडवर अडकला. तेव्हा एकतर शर्यत, नाहीतर स्टड. शिवाय न हरलेला घोडा पुन्हा पळवून मालकाला नवीन काय मिळणार? जिंकला तर फी फारशी वाढत नाही, हरला तर उतरते आणि पाय मोडला तर कारभारच आटोपला.

ऑक्टोबर 2012 मधली त्याची शेवटची शर्यत, अ‍ॅस्कॉटची चॅम्पियन स्टेक्स, मला फार आवडते. आधीच्या पावसानं ट्रॅक पाय रुतवणारा झाला होता. गेट उघडलं आणि फ्रँकेल सुटतानाच मागे राहिला. मग त्याचा जॉकी टॉम क्वीली यानं घाई न करता त्याला हळूहळू पुढे आणलं. सरळ रस्त्याला लागल्यावर पुढे होता सिरस देझेगल, फ्रान्सचा, आदल्या वर्षी हीच शर्यत मारलेला आणि अशा चिखलातला पक्का गडी. फ्रँकेलनं त्याला गाठला आणि पावणेदोन लेंथनं (एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) हरवला. एरवी हा घोडा जिंकायचा त्या मानानं फरक किरकोळच.

दोघांची वाट इथे वेगळी झाली. फ्रँकेल स्टडला गेला. सिरस देझेगल होता गेल्डिंग, म्हणजे खच्ची केलेला. त्याला स्टडवर कोण विचारणार? तो नऊ वर्षांचा होईपर्यंत पळत राहिला. 2014 ला प्री गने या फ्रान्समधल्या शर्यतीत त्यानं आर्क जिंकून आलेल्या त्रेव्हला हरवलं. पण स्वतः आर्क त्याला कधीच पळता आली नाही, कारण तेव्हा गेल्डिंगला तिथे प्रवेशच नव्हता. पुढची पैदास कोणापासून करायची हे ठरवणारी शर्यत, असं त्यामागचं तर्कट. मला हा नियम कधी पटला नाही. प्रेक्षकाला वर्षानुवर्षं साथ देणारा घोडा बहुतेक वेळा गेल्डिंगच असतो आणि त्यालाच दारात अडवायचं!

मालकाचा हिशेब मात्र बरोबर ठरला. फ्रँकेलचा मुलगा क्रॅक्समन हीच चॅम्पियन स्टेक्स 2017 आणि 2018 अशी लागोपाठ दोनदा जिंकला. 2022 ला अल्पिनिस्टा या फ्रँकेलच्याच मुलीनं आर्क मारली. म्हणून घोडा बंद केल्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती एकदाही 2400 मीटर न पळवल्याची. तो तेवढं टिकलाच नसता म्हणणारे त्याची आई काइंड दाखवतात, ती छोट्या पल्ल्याची घोडी होती. मी त्यांना त्याचा सख्खा भाऊ नोबल मिशन दाखवतो. तो 2012 लाच गुडवुडला 2400 मीटरची गॉर्डन स्टेक्स जिंकला होता. आणि त्याच उन्हाळ्यात यॉर्कला 2000 मीटरच्या वर पळून फ्रँकेल सात लेंथ पुढे होता. दम संपलेला घोडा असा जिंकत नाही.