संडासातलं कॅलेंडर

नेदरलँड्सला जाण्याआधी पवनचक्क्या, ट्यूलिप, कालवे आणि सायकली यांचे फोटो इतके पाहिले होते, की प्रत्यक्ष दिसल्यावर ‘हं, आलात का’ एवढंच वाटलं. धक्का बसला तो उत्रेख्तमध्ये ज्यांच्याकडे उतरले होते त्यांच्या संडासात. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर. त्यावर वार नाहीत, वर्ष नाही. नुसते महिने, तारखा आणि तारखांपुढे हातानं लिहिलेली नावं.

बाहेर येऊन भीतभीत विचारलं, तर घरच्या बाईंना माझा प्रश्नच कळेना. वाढदिवसांचं कॅलेंडर तिथे नाही लावायचं तर कुठे लावायचं? घरातला प्रत्येक जण तिथे रोज जातो, निवांत बसतो, समोर बघतो. वार नसल्यामुळे एकच कॅलेंडर वर्षानुवर्षं पुरतं. खोट काढायला जागाच नव्हती.

त्याच आठवड्यात शेजारच्यांचा वाढदिवस निघाला. मी उत्सवमूर्तीचं अभिनंदन केलं आणि बसायला गेले, तर बसू देतायत कुठे! आधी त्यांच्या बायकोचं अभिनंदन करायचं, नवऱ्याचा वाढदिवस आहे म्हणून. मग आईचं, मग मेहुण्याचं. ‘खेफेलिसितेर्त’, म्हणजे अभिनंदन, हा शब्द सातव्या माणसापर्यंत पोचताना माझ्या घशाची पार चाळण झाली. एका आजोबांनी तर माझंही अभिनंदन केलं. माझं यात कर्तृत्व काय, ते मी विचारलं नाही.

मग सगळे गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसले. कॉफी आली, केकचा एकेक तुकडा आला. खुर्ची बदलायची पद्धत नाही, त्यामुळे शेजारी जो येईल तो आपल्या नशिबाचा. माझ्या नशिबी तळघरातल्या ओलीवर तासभर बोलणारे गृहस्थ होते.

खाण्यातही असंच. सकाळी टाय लावून कामाला निघालेला भला थोरला माणूस पावाला लोणी फासतो आणि त्यावर चॉकलेटच्या बारीक काड्या भुरभुरतो. हाच नाश्ता. या काड्यांना म्हणतात ‘हाखलस्लाख’, म्हणजे गारांचा मारा. कोको ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी असेल तर पाकिटावर चॉकलेट लिहिता येत नाही. मग ‘काकाओफांतासी’ लिहितात. चॉकलेटची नुसती कल्पना! नियम पाळायचा तर असा.

बाळ झालं की भेटायला येणाऱ्यांना गोल कुरकुरीत टोस्टवर लोणी आणि साखरेत घोळवलेले बडीशेपेसारखे दाणे देतात. दाण्याला शेपटीसारखं देठ असतं, म्हणून त्यांचं नाव छोटे उंदीर. मुलगी झाली तर गुलाबी, मुलगा झाला तर निळे. हे निळे १९९४ पासून आले. २००३ मध्ये राजकन्या आमालिया जन्मली तेव्हा राजघराण्याच्या रंगाचे, नारिंगी उंदीर निघाले. दोन टोस्ट मी मागून घेतले, हे कबूल करते.

आणि मग ‘द्रॉप’. काळी कुळकुळीत ज्येष्ठमधाची गोळी. ‘डबल खारट’ या शब्दांकडे मी दुर्लक्ष केलं. तोंडात टाकली आणि डोळ्यांसमोर सोनाराची भट्टी उभी राहिली. उगीच नाही, त्यात सोनार वापरतात तो नवसागर असतो. घरातली सहा वर्षांची मुलगी तीच गोळी गालात धरून माझ्या चेहऱ्याकडे कुतूहलानं पाहत होती. गोळी थुंकावी तर पंचाईत, गिळावी तर मोठी पंचाईत. शेवटी खिडकीकडे वळले, तर खिडकीला पडदाच नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईंनी मला हात केला.

निघायच्या दिवशी बाईंनी माझ्या हातात पेन दिलं आणि संडासाच्या दाराकडे बोट केलं. मी आत जाऊन ऑक्टोबरच्या पानावर माझं नाव लिहिलं.

तेव्हापासून दरवर्षी कार्ड येतं, तेही वेळेवर. त्यांना माझी आठवण नेमकी कुठे बसून झाली असेल, हे मला पक्कं ठाऊक असतं.