तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे 'मी मजेत आहे' असंच का लिहायचे?

मी युद्धकैद्यांचं जुनं टपाल जमवतो हे कळलं की हा प्रश्न येतोच. दुसऱ्या महायुद्धातली दहा पत्रं वाचा, सगळ्यांत तेच, तब्येत बरी, काळजी नको, मोजे पाठवा. मग खोटं बोलायचे का हे लोक?

अहो, पण पत्र वाचणार कोण ते बघा ना. आधी कॅम्पातला सेन्सॉर, मग घरच्या देशातला सेन्सॉर, आणि त्यानंतर बायको. उपासमार लिहिली तर काळी शाई फिरणार नाहीतर पत्रच गायब, म्हणजे घरी काहीच पोचणार नाही. जर्मन कॅम्पांत फॉर्मच छापील, ओळी मोजक्या, आणि पुढे पुढे तर कागदावर लेप दिलेला, अदृश्य शाईने काही लिहिलं तर उमटून दिसावं म्हणून! जपानी कॅम्पांत याहून कडक, तिथे बऱ्याच कार्डांवर वाक्यंच छापलेली, तब्येत उत्तम, बरी की वाईट, नको ते खोडायचं. नंतर २५ शब्दांची कार्डं आली, आता त्यात बायको, आई, पोरं यांची नुसती नावं घेतली तरी निम्मे शब्द संपले.

१९२९ च्या जिनिव्हा करारात होतं की कॅम्पात पोचल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला घरी कार्ड टाकू द्यायचं, आणि टपालखर्च माफ. जपानने सही केली पण करार मंजूर मात्र केला नाही. ब्रिटिशांचं सिंगापूर फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानच्या हाती पडलं, तिथले सैनिक कैदी झाले आणि कित्येक घरांत पहिलं कार्ड आलं ते थेट १९४३ मध्ये, तोवर हातात फक्त 'बेपत्ता' एवढाच शब्द.

म्हणून मला वाटतं मजकूर हा मुद्दाच नव्हता. घरच्यांना अक्षर हवं होतं, त्याच्याच हातचं. शिवाय लिहिणाऱ्यालाही आईला रडवायचं नसतंच की, तिथे सेन्सॉर नसता तरी त्याने मोजेच मागितले असते, हे आपलं माझं मत.

माझ्याकडे तसलं एक छापील कार्ड आहे, लिलावात विकणाऱ्याने 'मजकूर किरकोळ' म्हणून स्वस्तात दिलेलं. खोडाखोड करून तब्येत 'उत्तम' ठेवलीय, खाली थरथरती सही. आणि कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताने, पेन्सिलीने, कार्ड मिळाल्याची तारीख, वार आणि वेळसुद्धा.