नाटकातलेच असेल

आषाढातल्या एका रविवारी, जेवण आटोपून आडवे होण्याच्या बेतात असताना, टीव्हीवर १९७६ सालचा ‘टू-मिनिट वॉर्निंग’ लागलेला दिसला आणि झोप राहिली. लॉस एंजेलिसच्या कोलिसियममधला अमेरिकन फुटबॉलचा सामना, खच्चून भरलेले मैदान, उंचावर दबा धरून बसलेला एक नेमबाज आणि त्याच्या मागावर पोलीस कप्तान झालेला चार्ल्टन हेस्टन. या चित्रपटाच्या जाहिरातीतच एक्याण्णव हजार माणसे आणि बाहेर पडायचे तेहेतीस दरवाजे असा हिशेब मांडला होता. नेमबाजाच्या बंदुकीपेक्षा त्या दरवाजांचीच मला अधिक काळजी लागून राहिली.

नाट्यगृह, सर्कस, स्टेडियम, जत्रेतले पाळणे अशा करमणुकीच्या ठिकाणी संकट कोसळते, असे चित्रपट मी चवीने पाहतो. १९७७ साली तर ‘ब्लॅक संडे’ आणि ‘रोलरकोस्टर’ असे दोन लागोपाठ आले. पैकी ‘ब्लॅक संडे’चे काही चित्रण मायामीच्या मैदानात त्याच फुटबॉलचा खरा अंतिम सामना चालू असतानाच केलेले आहे, म्हणजे तिकीट काढून खेळ पाहायला आलेली हजारो माणसे नकळत दुसऱ्याच खेळातली गर्दी होऊन बसली. या चित्रपटांचा साचा ठरलेला असतो. पडद्यावरच्या प्रेक्षकांना काहीच ठाऊक नसते, आपल्याला मात्र सगळे ठाऊक असते, आणि कार्यक्रम रद्द करा म्हणणाऱ्याला आयोजक धूप घालत नाहीत. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे एखादे जोडपे पहिल्या अर्ध्या तासात भांडताना दिसले, की त्यांच्यातले एक जाणार हे मी घरातल्यांना आधीच सांगून टाकतो आणि त्यांचा राग ओढवून घेतो.

या साच्यातली एकच गोष्ट मला कधी पटलेली नाही. संकटाची चाहूल लागताच पडद्यावरचे सगळे प्रेक्षक एकदम किंचाळत उठतात. माणसे अशी उठत नाहीत, हे मी लहानपणीच पाहिले आहे.

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या माझ्या आजोळी देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांचे नाटक होत असे. पालखी देवळात परतल्यावर, म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास, पडदा वर जायचा आणि भरतवाक्यापर्यंत कोंबडे आरवू लागायचे. त्या वर्षी नाटक पौराणिक होते. राक्षसाच्या प्रवेशाला विंगेतला एक पोरगा हातातल्या पलित्यावर राळेची पूड फेकायचा, भप्पकन जाळ उठायचा आणि आम्ही पोरे सुखाने घाबरायचो. दुसऱ्या अंकात त्याने राळ जरा सढळ हाताने फेकली असावी, कारण जाळ वर गेला तो खाली आलाच नाही. अरण्याच्या रंगवलेल्या पडद्याची कड धरून तो हळूहळू वर चढू लागला आणि वडाची एक पारंबी खरोखरच पेटली. मांडवात टाळ्या पडल्या! मी उठू लागलो, तेव्हा मामाने माझा सदरा मागून ओढून मला खाली बसवले आणि म्हटले, “बस मरे, नाटकांतलेंच तें.” पेटीवाल्याने तर सूर सोडला नाहीच, उलट लय वाढवली. राक्षस बिचारा आगीकडे पाठ करून आपले स्वगत म्हणत होता. शेवटी त्या राळवाल्या पोरानेच एक ओले गोणपाट आणून पडद्यावर आपटले. धूर पहिल्या रांगेपर्यंत आला, मान्यवर खोकले, आणि तरीही कोणी खुर्ची सोडली नाही. यजमान समोर बसलेले असताना आपण आधी कसे उठायचे?

पुढे केव्हातरी अमेरिकेत केंटकीतल्या एका सपर क्लबची, म्हणजे जेवता जेवता करमणुकीचे कार्यक्रम पाहण्याच्या ठिकाणाची, हकीकत वाचली, तेव्हा मामाचा तो हात मला पुन्हा सदऱ्याला जाणवला. २८ मे १९७७ची रात्र. रंगमंचावर दोन विनोदी नट प्रेक्षकांना हसवत होते. टेबलावरची ताटे उचलणारा अठरा वर्षांचा एक मुलगा मंचावर चढला, त्याने ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि इमारतीत आग लागली आहे, बाहेर पडा, असे शांतपणे सांगून दरवाजेही दाखवले. पुष्कळ जण उठले. काहींना मात्र तो खेळाचाच भाग वाटला. त्या आगीत १६५ माणसे गेली, पण त्या मुलाने सांगितले नसते तर किती गेली असती, याचा विचारही करवत नाही. हॉलिवूडने हीच कथा रचली असती, तर मंचावर हेस्टनला चढवले असते.

शिकागोच्या इरोक्वॉइस नाट्यगृहाची जाहिरात ‘संपूर्ण अग्निरोधक’ अशी होती. १९०३च्या डिसेंबरात तिथे सहाशेहून अधिक माणसे मेली. रंगमंचावर जळते तुकडे पडत असताना तिथला विदूषक प्रेक्षकांना बसून राहा म्हणून विनवत होता आणि वाद्यवृंदाला वाजवत राहा म्हणून सांगत होता. दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात १९९७ साली ५९ जण गेले, त्याची एक कारणमीमांसा अशी की बाल्कनीत जादा खुर्च्या बसवताना बाहेर पडायची एक वाटच बुजली होती. तेव्हापासून मला कडेची खुर्ची लागते. पणजीला कला अकादमीत असो वा गावच्या मांडवात, मी आधी दरवाजे पाहतो, ते कोणत्या बाजूला उघडतात ते पाहतो, आणि मगच कार्यक्रमपत्रिका उघडतो. पत्नी या प्रकाराला माझे सोवळे म्हणते. एप्रिल २००१मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया क्रिकेट सामन्याच्या वेळी खोट्या तिकिटांनी जो गोंधळ माजला, त्याची नुसती आठवण काढली तरी माझ्या पोटात गोळा येतो. तिथे चित्रपट व्हायचा राहिला इतकेच.

आणि डिसेंबर २०२५मध्ये हडफड्याला रात्री क्लब पेटला. पंचवीस माणसे गेली. नाचायला आलेल्या पर्यटकांचा मृतांतला वाटा थोडा होता; बहुतेक जण तिथे नोकरीला असलेले, पोटासाठी कुठून कुठून गोव्यात आलेले. ज्या चित्रपटांचे मी एवढे कौतुक सांगितले, त्यांतल्या एकाचाही कॅमेरा सुरुवातीच्या अर्ध्या तासात स्वयंपाकघरात गेल्याचे मला आठवत नाही.