तुराट्या जमल्या, आता भाताचं तूस

शंकूच्या भट्टीत तुराट्या, पऱ्हाट्या आणि दाणे काढलेली मक्याची कणसं यांचा मातीत घालायचा कोळसा (बायोचार) आता भरवशाने निघतोय. पद्धत हान्स-पीटर श्मिट आणि पॉल टेलर यांनी २०१४ मध्ये विकसित केलेली ‘कॉन-टिकी’. वरचा जाळ खालून सुटणारा गॅस जाळतो, त्यातच वरून येणारा ऑक्सिजन संपतो आणि खालचा कोळसा शाबूत राहतो. झाकण नाही, नळ्या नाहीत.

भट्टीच्या मापांवर आपण फार काथ्याकूट करतो. माझ्या मते खरी मेख पुढचा थर कधी टाकायचा यात आहे. वरच्या काड्यांच्या कडांवर राखेची पांढुरकी साय धरायला लागली की लगेच पुढचा पातळ थर. घाई केली तर जाळ दबतो आणि धूर सुटतो, रेंगाळलं तर कोळशाची राख. त्यामुळे मी घड्याळ बघत नाही, कडा बघतो. काडी वाकवल्यावर कडकन मोडली नाही तर ती भट्टीत जात नाही. ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर असला की बराच जाळ पाणी उडवण्यातच जातो. उतारा म्हणाल तर दहा किलो वाळलेल्या काड्यांमागे दोन-अडीच किलो.

विझवताना पाणी सढळ हाताने. ताजा कोरडा कोळसा हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, त्यात आपोआप तापतो आणि ढिगाच्या पोटात पुन्हा पेटू शकतो. त्यामुळे पोत्यात भरतो तोही ओलसरच.

आता तूस. शंकूच्या भट्टीत ते चालत नाही: थर इतका गच्च बसतो की जाळ वरच्या वर राहतो आणि आत नुसतं धुमसत राहतं. म्हणून वरून पेटवायची पिंपाची भट्टी, म्हणजे आपली टीएलयूडी (टॉप-लिट अपड्राफ्ट), घेतली आणि खाली छोटा पंखा लावला. हवा खालून वर चढते, धग मात्र वरून खाली सरकत जाते. पिंपाच्या बाहेरून रंग करपत उतरतो, तेवढ्यावरून ती कुठवर आली ते कळतं. पंखा जोरात ठेवला की तापमान चढतं आणि उतारा घटतो. मंद ठेवला तर जाळ विझून पिवळट, डोळे झोंबवणारा धूर येतो. मी सध्या जाळ जेमतेम टिकेल इतकाच वारा देतोय.

तुसाचा कोळसा दिसायला छान, प्रत्येक फोलाची होडी जशीच्या तशी. पण त्यात कार्बन कमी. तुसाच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा राख असते, बहुतेक सिलिका, आणि गॅस निघून गेल्यावर तिचं प्रमाण आणखी वाढतं. फार तापलं तर हीच सिलिका स्फटिकरूप होऊ लागते आणि तिची धूळ फुप्फुसाला वाईट. कोरडा कोळसा चाळायचा मोह टाळा, मास्क तर हवाच.

तपासणी घरगुतीच. ओला कोळसा तळहातावर चोळायचा आणि नुसत्या पाण्याने धुवायचा. हात स्वच्छ झाला तर डांबर नाही, तेलकट थर राहिला तर अर्धकच्चा माल. तुराट्यांचा उत्तीर्ण, तुसाचा पिंपाच्या तळातला भाग नापास, कारण धग तळाला पोचता पोचता मी पंखा बंद करत होतो. आता तळाच्या पत्र्याला रंग आल्यावरही थोडा वेळ चालू ठेवतो.

नुसता कोळसा मातीत घालत नाही. ताजा असताना तो नत्र धरून ठेवतो, पिकाला सुरुवातीला फटका बसतो आणि सामूही बहुधा अल्कधर्मी असतो. तो आधी कंपोस्टच्या ढिगात जातो. सध्या तुसाचा कोळसा दोन ढिगांत मुरतोय, एकात जाडसर, एकात कुटलेला. दोन्ही उतरले की मुळ्याचं बी टाकून उगवण बघणार. तुसाला पंख्याशिवाय, नुसत्या उंच धुराड्याच्या ओढीवर कुणी जमवलं असेल तर धुराड्याची उंची कळवा.