पोटरीवरचं म्यान : आमची वाटचाल

वरुड-मोर्शीच्या पट्ट्यातलं आमचं दुकान मूळचं पोळ्याच्या साजाचं. वडील बैलांच्या डोक्याला बांधायच्या मठाट्या आणि घुंगरांचे पट्टे शिवायचे. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या घटल्या, साजावर घर चालेना. आज आम्ही झाडावर चढणाऱ्यांसाठी करवतीची म्यानं करतो, पायाला बांधायची.

ही वाट दाखवली एका संत्रा बागाईतदाराने. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. फळं उतरली की त्यांच्या बागेत सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढायला माणसं लागत. त्यातल्या एकाने करवत दुपट्ट्याने पोटरीला बांधलेली काकाजींनी पाहिली आणि ती करवत घेऊन थेट दुकानात आले. "बैलाले पट्टा शिवता, तं माणसाच्या पायाले काऊन नाही शिवत?"

कमरेला का नको, हे झाडावर चढलेल्याला सांगावं लागत नाही. कमरेला दोर असतो, पट्टा असतो. फांदीवर बसलं की कमरेच्या म्यानाचं टोक मांडीत रुततं. गुडघा मुडपला की पोटरी आपसूक हाताखाली येते. मूठ पकडा, वर ओढा, करवत हातात.

पहिलं म्यान ओलिताच्या पीव्हीसी पाइपचं केलं. पाइप भट्टीवर ऊन करायचा, पात्याहून किंचित जाड फळी आत सरकवायची आणि वरून दाबून चपटा करायचा. त्यावर चामडं, वडिलांच्याच आरीने शिवलेलं. ३३० मिलिमीटरचं वाकडं पातं, ओढताना कापणारं, त्यात बरोबर बसतं. खाली एक भोक ठेवतो, भुसा आणि पाणी निघून जायला. पट्टे दोन, एक गुडघ्याखाली, एक घोट्याच्या वर. खरं कसब तोंडाशी आहे. तिथे चामड्याचे दोन थर आणि मुठीवरून येणारी पट्टी. पाय उलटा झाला तरी करवत सुटत नाही.

म्यानं खपू लागली तेव्हा जिल्ह्याच्या गावातला एक व्यापारी आला. नमुने उधारीवर नेले, गोड बोलला. पुढच्या हंगामात त्याच्याच दुकानात तीच म्यानं दिसली, रेक्झिनची, एकाच पट्ट्याची, निम्म्या भावात. उधारी तर बुडालीच. पण खरं दुखणं वेगळं आहे. रेक्झिनचं तोंड उन्हात सैल पडतं. त्यातून करवती निसटू लागल्या, एक तर खाली शिडी धरून उभ्या असलेल्या पोराच्या खांद्यावर पडली. लोक म्हणाले, वरुडकडचं म्यान आहे, तिकडचं कामच असं. माझी शिलाई बघायलाही कुणी आलं नाही. दुकानदारांनी माल परत पाठवला, शिलाई मशीन गहाण पडलं. त्या पावसाळ्यात घरात रोज भांडण होई, साज परत सुरू करा म्हणून.

तेव्हा काकाजी आले. आपल्या सगळ्या माणसांसाठी म्यानं सांगितली, पैसे आगाऊ मोजले. शेजारच्या बागाईतदारांना अंगणात बोलावून दोन्ही म्यानं पायाला बांधून दाखवली, एकदा आमचं, एकदा त्या व्यापाऱ्याचं, करवत घालून पाय झटकला. बोलले काही नाही. त्यानंतर मशीन सोडवलं. तो व्यापारी आता दुसरा धंदा करतो, पण त्याने आमच्या नावाला लावलेल्या डागाचा विषय अजून एखादं गिऱ्हाईक काढतंच, आणि मला ते आजही झोंबतं.

मधली बरीच वर्षं शांत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नव्या माणसांना मात्र सांगतो. म्यान पायाच्या बाहेरच्या बाजूला बांधा, नडगीवर नको. वरचा पट्टा इतका आवळू नका की पायाला मुंग्या येतील. ताणलेल्या दोराला दात्याचा नुसता स्पर्श झाला तरी तो तुटतो, म्हणून दोराच्या बाजूचा हात आणि करवतीचा हात वेगळे ठेवा. फांदी आधी खालून थोडी कापा, मग वरून, नाहीतर साल खोडापर्यंत सोलत जाते. सल काढताना २ सेंटिमीटर हिरवा भागही घ्या. जखमेला बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, लागलेल्या झाडावरून चांगल्या झाडावर जाताना पातं धुऊन पुसा. निळसर झळाळीचे कडक दाते कानशीने घासायला जाऊ नका, कानसच बोथट होते. ते पातं बदलावंच लागतं.

तोंड सैल झालेलं आमचं जुनं म्यान असेल तर घेऊन या, तोंड नवं शिवून देतो, शिलाईचे पैसे घेत नाही. करवत मात्र सोबत आणा. पात्यावर माप घेतल्याशिवाय मी सुई लावत नाही.